निळ्या दिव्यानंतरचा रंग

मुलगी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काविळीने पिवळी पडली, म्हणून तिला पालघरच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. मी तेव्हा बोईसरला रंगाच्या कारखान्यात होतो. ड्युटी सुटली की थेट तिकडे जायचो.

दिव्याने ती उजळेल असं वाटलं होतं. उलट दोन दिवसांत कातडी काळपट तपकिरी झाली, बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी.

सासूबाई किनाऱ्यावरच्या, मासळी सुकवून विकणाऱ्या. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. नखांच्या कडांचा निळा रंग कितीही साबण लावला तरी जायचा नाही.

"जावईबुवा, तुमी पोरीला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीचा रंग हाय तो."

जन्मल्यावर मी मुलीला दोनदा घेतलं होतं, आणि मला सासूबाईंचं पटलं होतं.

डॉक्टरबाईंनी दिवा बंद करून रक्त तपासलं. "हिचं पित्त नीट बाहेर पडत नाहीये. अशा बाळाला उजेडाखाली ठेवलं की कधीकधी रंग असा बदलतो. तो जाईल. मला लिव्हरकडे लक्ष ठेवायचंय. शी पांढरट झाली तर लगेच या."

"माझ्या हातांमुळे काही..."

"नाही हो. हात धुतलेत ना? मग घ्या तिला."

मी मान हलवली, पण घेतलं नाही. उमरोळीला घरी आल्यावरही दुपटी वाळत घालायचो, औषधं आणायचो, जवळ जायचो नाही.

तिसऱ्या तपासणीला बायको कागद घेऊन खिडकीपाशी रांगेत होती. सासूबाईंना रक्त बघवत नसे. त्यांनी मुलीला टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेल्या. नर्सने टाच पुसली. "पाय धरा हो कुणीतरी."

मी धरला. पाय माझ्या अंगठ्याएवढा. सुई टोचल्यावर ती किंचाळली, सोडवून घेऊ लागली. नर्सचं होईपर्यंत मी सोडला नाही. मग तिला उचललं आणि सासूबाईंसमोरूनच रांगेपर्यंत घेऊन गेलो. त्या बाजूला सरकल्या.

रंग आधी चेहऱ्यावरून उतरला, पोटावर सगळ्यात जास्त दिवस राहिला. दीड महिन्यात गेला. रक्ताचे आकडे जागेवर यायला त्याहून वेळ लागला. आता ती शाळेत जाते. आईसारखी सावळी आहे.