टॉकीजच्या काचा

भावाच्या तेराव्यानंतर माझ्या लक्षात आलं, की त्याच्या हातचं एकही अक्षर माझ्याकडे नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

तो पेंटर होता. देऊळगाव राजाच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, हे सगळं एके काळी त्याचंच काम. त्यानं लग्न केलं नाही, पत्रं लिहिली नाहीत. काही सांगायचं असलं की फोन करायचा आणि दोन वाक्यांत ठेवून द्यायचा. मी लहान वयात शिकायला बुलढाण्याला गेलो आणि तिथेच कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. पुस्तकांच्या समासात लिहिलेली किती अनोळखी माणसांची अक्षरं मी वाचली असतील. सख्ख्या भावाचं अक्षर मात्र आठवून पाहिलं तर डोळ्यांपुढे येत नव्हतं.

मी बाजारात फिरू लागलो. बसस्टँडपासून भाजीबाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं. नुकतंच मुंडण झालेला माणूस मान वर करून पाट्या बघत चाललाय म्हटल्यावर लोक आपोआप बाजूला व्हायचे. सगळीकडे फ्लेक्स. एका पिठाच्या गिरणीवर जुनी पत्र्याची पाटी दिसली म्हणून जवळजवळ धावत गेलो, तर गिरणीवाला म्हणाला, ‘थे तर जालन्याहून बनवून आणली होती.’ ट्रॉल्यांना नवा रंग लागला होता, भिंतींना चुना. घरात त्याचे ब्रश तेवढे होते, वाळून कडक झालेले.

टॉकीजच्या ऑपरेटरला सगळं गाव चाचा म्हणतं. टॉकीज बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी ते त्याच दारासमोरच्या टपरीवर चहाला येतात. त्यांनीच मला हाक मारली.

‘काऊन फिरून राह्यले सर असे उन्हात?’

मी काय शोधतोय ते सांगितलं. चाचांनी कप खाली ठेवला.

‘मंग गुरुवारी टॉकीजमंदी या ना. लिलाव हाये. मालकाचे पोरं सगळं काढून राह्यले, मंगल कार्यालय बांधतात म्हणे. पिक्चरच्या अगोदर जाहिराती दाखवत होतो ना, त्या काचांची पेटी हाये अजून. तुमच्या भावानं लिहिल्या हायेत त्यात.’

‘चाचा, तुमालेबी काढतात का लिलावात?’ टपरीवाल्यानं विचारलं.

‘मले कोन घेते बे? माह्यात तांबं नाही, ना पितळ.’ मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘एक गोष्ट ध्यानात ठेवा सर. तिथं कोनती चीज लई वेळ पाहू नका. आवडली का तोंड फिरवा. बाहेरचे लोक येतात ना, ते मालाकडं पाहतच नाहीत. ते गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडं पाहतात.’

गुरुवार दोन दिवसांवर होता. त्या दोन दिवसांत मी बुलढाण्याला जाऊन परत आलो, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

लिलावाच्या आधी माल बघायला वेळ दिला होता. टॉकीजच्या आवारात खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे एकात एक अडकवून ठेवले होते. पंखे, तिकीट खिडकीची पितळी जाळी, मध्यंतराची घंटा, न फाडलेल्या तिकिटांचे गुलाबी आणि पिवळे गठ्ठे, घडीवर चिरलेली पोस्टरं. जालन्याचे भंगारवाले एकेक वस्तू पायानं हलवून वजनाचा अंदाज घेत होते. एक पुण्याचे गृहस्थ होते. खिशात छोटी टॉर्च, हातात पांढरे मोजे. ते पोस्टर उचलायचे, मागून उजेड टाकायचे आणि न बोलता ठेवून द्यायचे.

पेटी सागवानी होती. आत खाचा, आणि खाचांमध्ये तळहाताएवढ्या काचा उभ्या लावलेल्या. मी पहिली काढून उजेडात धरली. साडीच्या दुकानाची जाहिरात होती. काळी बारीक अक्षरं, भोवती लाल-हिरवी वेल. दुसरी बियाण्यांची, तिसरी फोटो स्टुडिओची. दहा-बारा पाहिल्या. अक्षरं निदान दोन हातांची होती, आणि त्यांतला कोणता हात भावाचा, हे मला ओळखता येत नव्हतं. ‘बघताक्षणी ओळखीन’ असं मी टपरीवर चाचांना सांगितलं होतं.

चाचा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

‘तुमचा भाऊ डावखुरा होता ना?’

‘जेवायचा उजव्यानं.’

‘वडलांनी लावलं असन. काम डाव्यानं करे. डाव्या हातानं लिहिलं का हात ओल्या अक्षरावरून फिरते, सगळं पुसते. म्हनून तो ओळ शेवटापासून लिहीत होता. एकेक अक्षर मांगं मांगं यायचा. आता पाहा, दुसऱ्या पेंटरले जागा कमी पडली का ओळ शेवटी दाटते. तुमच्या भावाची सुरवातीले दाटते.’

त्यांनी एक काच माझ्या हातात दिली. खरंच, ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं अंग चोरून उभी होती आणि पुढची ऐसपैस. मग मी थांबलोच नाही. प्रत्येक काच काढली, उजेडात धरली, परत खाचेत लावली. पेटीतल्या निम्म्याहून कमी त्याच्या निघाल्या. पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. चाचा हळूच म्हणाले, ‘सर, बस झालं.’ तोवर उशीर झाला होता. पुण्याचे गृहस्थ टॉर्च खिशात घालून माझ्याकडेच बघत होते.

लिलाव सुरू झाला. खुर्च्या गेल्या, पंखे गेले. पेटीची बोली निघाली तेव्हा जालन्याचे लोक माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून मागे राहिले. एकानं तर शेजाऱ्याचा वर जाणारा हात खाली ओढला. मी बोली लावली. पुण्याच्या गृहस्थांनी ती चढवली. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. माझी बोली पुकारणाऱ्याला दोनदा विचारावी लागली. पाच-सहा वेळा असं झालं. नंतरचा आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा होता. ‘एक वार, दोन वार,’ पुकारणारा माझ्याकडे बघत थांबला, जरा जास्तच थांबला. मी नकारार्थी मान हलवली.

पेटी गेल्यावर मला तिथून निघून जाता येईना आणि उभंही राहवेना. शेवटी पुण्याच्या गृहस्थांकडे गेलो.

‘यातल्या काही काचा मला विकत द्याल का? माझ्या भावानं लिहिल्या आहेत.’

‘अहो, सेट फोडला तर त्याला अर्थ राहत नाही,’ ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. ‘आणि तुम्ही एवढं बघत नसता तर मी पेटीकडे वळलोही नसतो.’

‘साहेब, सगळा सिनेमा तुमीच नेऊन राह्यले,’ जालन्याचा एक भंगारवाला खुर्च्या बांधता बांधता ओरडला. ‘एक तिकीट त्यायले द्या की!’

हशा झाला. गृहस्थही हसले. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, तेही बहुधा पहिल्यांदाच. ‘एक घ्या,’ ते म्हणाले. ‘त्याचे पैसे नकोत. पण एकच.’

मी पेटीसमोर बसलो. ‘मध्यंतर’ लिहिलेली काच सगळ्यांत सुंदर होती, त्यावर कमळ होतं. तिच्याकडे माझा हात गेला तेव्हा त्यांनी श्वास रोखल्याचं मला जाणवलं. मी ती बाजूला सरकवली आणि प्रेक्षकांसाठीच्या सूचनांची काच काढली. नक्षी नाही, रंग नाही. नुसत्या सात ओळी.

‘ही? हिच्यात काय आहे?’

‘अक्षरं जास्त आहेत,’ मी म्हणालो.

बुलढाण्याच्या बसमध्ये मी ती वर्तमानपत्रातून तीनदा काढून पाहिली. शेजारी बसलेल्या बाईला राहवलं नाही.

‘काय हाये हो थे?’

मी काच तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीकडे धरली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘आपली सायकल आपण सांभाळावी. खुर्चीवर पाय ठेवू नयेत. लहान मूल रडल्यास बाहेर न्यावे.’ बस खड्ड्यात गेली की तिची ओळ सुटायची, मग ती बोट ठेवून पुन्हा धरायची. सातही ओळी तिनं वाचल्या.

‘बरोबर लिहिलं हाये,’ ती म्हणाली. ‘कोनं लिहिलं?’

‘माझ्या मोठ्या भावानं.’

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काच दोन्ही हातांनी परत दिली. मी ती कागदात गुंडाळली. चिखली येईपर्यंत पुन्हा उघडायची नाही असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.