कुंभार पिंपळगावचा पस्तीस मिनिटांचा थांबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, शाळेत इतकी वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा मागच्या महिन्यात जालन्याच्या बसस्टँडवर जे झालं ते पोटात राहीना, म्हणून असेल. कसं सांगावं तेही ठरवलेलं नाही. जसं येईल तसं सांगते.

मी शिक्षिका आहे. भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या बाजूला एक गाव आहे — नाव नको — तिथल्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी नदी आहे’ हे वाक्य पोरं घडाघडा म्हणायची, पण वर्गातल्या एकानंही गोदावरी पाहिलेली नव्हती. मग माझ्या डोक्यात आलं, की या वर्षीची सहल मुलांनीच आखायची. आपल्या गावापासून गोदावरीपर्यंत, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दिवसात. कोणत्या रस्त्यानं जायचं, कुठं थांबायचं, किती वेळ, कशासाठी, हे सगळं गटागटानं ठरवायचं आणि वहीत लिहायचं. जी आखणी वर्गाला पटेल तिच्याप्रमाणे खरोखरची एसटी काढायची.

काय सांगू तुम्हाला, महिनाभर वर्गात नुसता दंगा. नकाशावर दोरा लावून अंतरं मोजली. येणाऱ्या-जाणाऱ्या कंडक्टरला भंडावून सोडलं. एका गटानं सगळे थांबे कुणाच्या ना कुणाच्या मामाच्या गावी घेतले. त्यांच्या हिशेबानं गोदावरीला पोचायला तीन दिवस लागत होते, पण जेवणाची चिंता बिलकुल नव्हती! एकानं लिहिलं होतं, ‘राजूरच्या अलीकडे उलटीसाठी थांबा, पाच मिनिटं.’ मी हसले तर तो गंभीरपणे म्हणतो, “मॅडम, मला माहीत हे ना कुठं येती ते.” हा थांबा आम्ही ठेवला आणि सहलीच्या दिवशी तो कामाला आला.

सगळ्यात चांगली वही होती वैष्णवीची. बारीक चणीची, दोन वेण्या, बोलायला कमी. अंबडपासून नदीकडे जायला दोन रस्ते. एक सरळ, हायवेनं शहागडला. दुसरा लांबचा, घनसावंगी आणि कुंभार पिंपळगाव करून. सगळा वर्ग हायवेच्या बाजूनं होता. ही एकटी उभी राहिली. हायवेवरून काय दिसणार, ढाबे आणि ट्रक, असं म्हणाली. आतल्या रस्त्यानं गेलं तर पिकं दिसतील, मोठा बाजार दिसेल, आणि बाजाराची पाहणी आपल्या पुस्तकातच आहे की. तिनं इतकं मुद्देसूद मांडलं, की हात वर करायला सांगितल्यावर हायवेवाले तीनच उरले. सहल पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशीच ठेवायची, हेही तिनंच गळी उतरवलं. वहीत शेवटी लिहिलं होतं — कुंभार पिंपळगाव, थांबा पस्तीस मिनिटं.

एकदा मधल्या सुट्टीत ती पुठ्ठ्यावर रस्ता रंगवत बसली होती. मी सहज विचारलं, “पस्तीसच का गं? अर्धा तास का नाही?” सहजच हो. माझ्या मनात काही नव्हतं.

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग ब्रश खाली ठेवून सांगितलं. तिची मोठी बहीण पिंपळगावला होती. दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं होतं. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. वैष्णवीनं शेजारच्या काकूच्या फोनवरून ताईला कळवलं होतं — बाजारात, बांगडीवाल्यापाशी, साडेअकराला. “ताई नेहमी पाच मिनिटं उशिराच येती मॅडम. म्हणून पस्तीस.”

मग म्हणाली, “कोणाला सांगू नका. फक्त कोमलला माहीत हे.” कोमल म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. दोघी एका डब्यात जेवायच्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “नाही गं बाई, कुणाला सांगते मी?” हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे.

आता पुढचं.

पुढचं सांगायचं तर आधी तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्ही त्यांनाच वाईट ठरवून मोकळे व्हाल आणि मी सुटेन. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या मैदानाचे दगड स्वतःच्या ट्रॅक्टरनं काढून दिले होते. वैष्णवीला सायकलवरून आणून सोडायचे, पाऊस असला की तिच्या दप्तराला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. शाळा समितीवर होते आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मला त्या शाळेत दोनच वर्षं झाली होती. घराजवळची शाळा मिळावी म्हणून मी किती ठिकाणी खेटे घातले होते ते माझं मला माहीत. हे कारण म्हणून सांगत नाही. मी कशाला घाबरले ते तुम्हाला कळावं, एवढंच.

संमतीपत्रं घरोघरी गेली. त्यावर सगळा मार्ग छापलेला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपता संपता वैष्णवीचे वडील हातात कागद घेऊन ऑफिसात आले. मुख्याध्यापक होते, आणखी दोन शिक्षक होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, शहागडचा सरळ रस्ता सोडून पिंपळगावहून कामून नेऊन राह्यल्या? माझ्या मोठीनं तुम्हाला काही सांगितलं का? तुम्ही घडवून आणून राह्यल्या का हे?”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

काय बोलायचं होतं मला? ‘नाही’ एवढंच. बाजाराची पाहणी आहे, पुस्तकात धडा आहे, वर्गानं हात वर करून ठरवलंय. यातला शब्दन्‌शब्द खरा होता! एवढं बोलले असते तर ते सही करून गेले असते, मला आजही खात्री आहे. आणि खोटं बोलायची मला सवय नाही असं थोडंच आहे? साहेब तपासणीला आले की गैरहजर पोरं ‘आत्ताच पाणी प्यायला गेली’ म्हणून सांगणारी मी. अशी छप्पन खोटी मी आयुष्यभर बोलत आले. त्या दिवशी एका पोरीसाठी अर्धं खोटं बोलायचं होतं, तर तेवढं मला जमलं नाही.

मी म्हणाले, “मला यातलं काही माहीत नाही हो. मार्ग तुमच्या मुलीनंच सुचवला.”

आणि तेवढ्यावर थांबले का? नाही थांबले. माझ्यावर कुणाचा संशय राहू नये म्हणून मी उठले, कपाट उघडलं, तिची वही काढली आणि त्यांच्या हातात दिली. वहीच्या मागच्या पानावर काय आहे हे मला माहीत होतं. पेन्सिलनं, बारीक अक्षरात — ‘ताई. बांगडीवाला. ११.३०.’ खाली एक फोन नंबर.

त्यांनी ते वाचलं. बराच वेळ वाचत होते, एवढंसं लिहिलेलं होतं तरी. वही मिटून टेबलावर ठेवली. मी त्यांच्या मागं व्हरांड्यापर्यंत गेले. तुम्हाला वाटेल, पोरीला मारू नका म्हणून सांगायला गेले असेन. मी म्हणाले, “माझं नाव घेऊ नका तिच्यापाशी.”

त्यांनी मान हलवली. त्या माणसानं शब्द पाळला. घरी ‘गावातून कानावर आलं’ एवढंच सांगितलं. जिनं शब्द पाळला नाही ती मी.

वैष्णवी चार दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा कोमलकडे पाहीना. वैष्णवीचं तरी काय चुकलं? दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक मॅडम. मॅडम कशाला सांगतील? कोमल शपथा घेत होती, रडत होती — आईची शपथ, देवाची शपथ. वैष्णवी ढिम्म. मग वर्गशिक्षिका म्हणून मी काय केलं, माहीत आहे? कोमलला उचलून दुसऱ्या रांगेत बसवलं. म्हटलं, रोजची कटकट नको. तेरा वर्षांची पोर ती. तिच्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून मीच तिची जागा बदलली.

सहल गेली. परवानगीच्या कागदावर मार्ग ठरलेला, डेपोची गाडी ठरलेली, आता तो बदलता येत नव्हता. वैष्णवी आली नाही. तिनं आखलेल्या रस्त्यानं, तिनं लिहिलेल्या वेळेला, आमची लाल गाडी पिंपळगावच्या बाजाराशी थांबली. पोरं हातात कागद घेऊन भाव विचारत पांगली.

मी बांगडीवाल्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण नजर गेलीच. ती खरंच उशिरा आली. अकरा पस्तीसला. तीच बारीक चण, तेच कपाळ, कडेवर तान्हं बाळ, हातात कापडी पिशवी. बाळाला नवं झबलं घातलेलं होतं, मावशीला दाखवायला. ती आमच्या एकेका मुलीचं तोंड बघत होती. दोन वेण्यांची कुणी दिसली की पुढं व्हायची आणि परत मागं सरकायची.

आमच्यात वीस पावलांचं अंतर होतं. मी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं — ‘तिला यायचं होतं, तिला येऊ दिलं नाही.’ वडील तिथं नव्हते. मुख्याध्यापक नव्हते. बदलीची भीती घालायला तिथं कोण होतं सांगा बरं? कुणीच नाही. मी शिट्टी वाजवली. “चला रे, जल्दी चला, गाडीत बसा!” पस्तीस मिनिटांचा थांबा मी वीस मिनिटांत उरकला. गाडी निघाली तेव्हा ती हात वर करून खिडक्यांकडे बघत होती. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

गोदावरी पाहून पोरं वेडी झाली. ती मजा मी सांगत नाही, तो माझा हक्क नाही.

त्या प्रकल्पाचं पुढं फार कौतुक झालं. शिक्षकांच्या बैठकीत मला तो मांडायला लावला. नमुना म्हणून मी कोणाची वही दाखवली असेल? वैष्णवीचीच. सगळ्यात नेटकी तीच होती. मागचं पान तेवढं मी आधी कापून घेतलं. ते पान आजही माझ्याकडे आहे, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. फाडून टाकायला हात उचलत नाही आणि तिला द्यायचं तर तोंड नाही.

आणि आता मागच्या महिन्यातलं. जालन्याच्या स्टँडवर भोकरदनच्या गाडीची वाट बघत होते. मागून आवाज आला, “मॅडम!” वैष्णवी. उंच झालेली. नर्सिंगला आहे म्हणाली. मला इतका आनंद झाला — खरंच झाला, हे सांगायलाही लाज वाटते. आम्ही बाकावर बसलो. तिनंच विषय काढला. ताई त्याच वर्षी नवऱ्यासोबत पुण्याकडे गेली होती. आता वडील थकलेत, या दिवाळीत त्यांनीच ताईला घरी बोलावलं. ताईचा मुलगा शाळेत जातो.

“पण ताई अजून तेच धरून बसली मॅडम. म्हणती, शाळेची बस आल्ती, पोरं उतरल्ती, तूच न्हाई आली. तुला माझी लाज वाटली आसंल. मी किती सांगितलं, मला घरी कोंडल्तं म्हणून. ती म्हणती, मंग कोणी एक शब्द तरी सांगितला असता की.”

मी समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसले.

“आणि कोमल. तिच्या लग्नाचं आवतन आल्तं मला. गेले न्हाई मी. आठ वर्षं झाली, तिचं तोंड पाहिलं न्हाई.” मग ती जरा हसली. “तुम्ही एकट्याच होत्या मॅडम, कोणाला सांगितलं न्हाई.”

आम्ही दोघीच होतो बाकावर. आता वडिलांचा राग गेला होता. माझी बदली कधीचीच झाली होती, माझ्याच मर्जीनं. माझं वाकडं करणारं कुणीही राहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं — आणि म्हणाले, “तुझी गाडी लागली बघ.”

तिनं बॅग खांद्याला लावली आणि त्या गर्दीत वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच, आणि आशीर्वाद दिला.