सुखाची रंगीत तालीम

आमच्या शाळेत कोणी पाहुणा येणार म्हटलं की आधी त्याची रंगीत तालीम होते. तपासणीला साहेब येवोत, नाहीतर देणगी द्यायला कोणी माजी विद्यार्थी येवो, दोन दिवस आधी मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायची, भिंतीवरचे फाटके तक्ते बदलायचे, ज्यांची नखं वाढलीत त्यांना मागच्या बाकावर बसवायचं. रत्नागिरीतल्या या शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे, आणि असल्या तालमी बसवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी सांगितलं की पुण्याहून एक संशोधक बाई येणार आहेत आणि आठवी-नववीच्या मुलांना स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटतं ते विचारणार आहेत, तेव्हा आम्ही ती तपासणीच समजलो. पूर्वी घरात माणसं किती, शौचालय आहे की नाही, हे विचारायला माणसं यायची. आता पोरं सुखी आहेत का ते विचारायला येत होती.

"जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळा आहेत हो यादीत," सर मला म्हणाले. "आपण मागे पडता कामा नये, बाई."

सुखात मागे पडायचं म्हणजे काय, हे मीही विचारलं नाही.

प्रश्नांचा नमुना आधीच आला होता. मी फळ्यावर शिडी काढली, खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वाईट आयुष्य तळाला, सगळ्यात चांगलं टोकाला, तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"बाई, किती लिहायचं?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"आठच्या खाली कोणी उतरायचं नाही," मी म्हटलं. "दोन वेळचं जेवण मिळतंय, शाळा आहे, आईबाप आहेत. आणखी काय पाहिजे?"

वर्ग हसला. मीही हसले. खरं सांगते, त्या घटकेला यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

सोमवारी संशोधक बाई आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. एका तुकडीत त्या स्वतः बसणार होत्या आणि दुसरीत मी. त्यांनी मला तीनच गोष्टी सांगितल्या. पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवा. मुलं लिहीत असताना वर्गात फिरू नका. कागद मुलांनी स्वतः पाकिटात घालून चिकटवायचा आहे, तुम्ही हात लावू नका. मी तिन्हींना मान डोलावली आणि वर्गात जाऊन तिन्ही मोडल्या. तास पस्तीस मिनिटांचा, पहिलं पान बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं. "हे सगळं नुसतं नावापुरतं असतं, पान उलटा," असं म्हणून मी मुलांना कामाला लावलं. आणि परीक्षेत बाकांमधून फिरायची सवय लागलेले पाय खुर्चीत बसतात थोडेच?

मिरकरवाड्याच्या एका मुलीने चार लिहिलं होतं. तिचे वडील ट्रॉलरवर असतात, आई पहाटेपासून बंदरावर. तिचं चार मला खटकलं नाही. असेल बिचारीचं तसंच, असं म्हणून मी पुढे सरकले. माझं मन किती सरळ आहे ते यावरून कळावं.

खटकला तो खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा कागद. ही मुलगी माझ्या विषयात वर्गात पहिली. वडिलांची पालीकडे हापूसची मोठी बाग. शिक्षणासाठी ती इथे मामा-मामींकडे राहायची आणि शनिवारी एसटीने घरी जायची. दर मोसमात त्यांच्याकडून शिक्षकांच्या खोलीत एक पेटी न चुकता येते. मुलगी कधी उशिरा आली नाही, कधी उलट बोलली नाही, तिची वही उघडली की डोळे निवावेत. तिने चौकटीत लिहिलं होतं, एक. त्याच्या खाली 'घरी तुझं म्हणणं कोणी ऐकून घेतं का?' यापुढे 'कधीच नाही'. 'रात्री शांत झोप लागते का?' यापुढेही तेच.

"अगं, शिडी उलटी वाचलीस की काय?" मी हळूच विचारलं.

"नाही, बाई."

"मग हे काय? मामांना काय वाटेल? पालीला आईबाबांना कळलं तर?"

ते कागद मामांना किंवा आईबाबांना कोणीही दाखवणार नव्हतं. मला ते ठाऊक होतं. तिने थोडा वेळ कागदाकडे नुसतं बघितलं, मग खोडरबर घेतलं, एक खोडला आणि शेजारी नऊ लिहिला.

"खालचंही नीट बघ जरा."

तिने तेही बदललं. "शहाणी माझी," असं म्हणून मी तिची पाठ थोपटली.

कागदही मीच गोळा केले. तिच्या कागदावर नऊच्या शेजारी तो एक पुसट दिसत होता, खालची उत्तरंही डागाळलेली. खाडाखोड मला पहिल्यापासून खपत नाही. टेबलावरचं चांगलं खोडरबर घेऊन मी माझ्या हाताने ते सगळं पांढरं स्वच्छ केलं आणि कागद पाकिटात घालून चिकटवून टाकला.

बुधवारी संशोधक बाई दिवसभर प्रयोगशाळेत बसून होत्या. मला वाटलं, आकडेमोड करत असतील. चार वाजता त्या शिक्षकांच्या खोलीत चहाला आल्या. सरांनी त्यांना गणपतीपुळ्याला दर्शनाला नेण्याची गाडी सांगून ठेवली होती. त्यानंतर त्या चिपळूणच्या शाळांकडे जाणार होत्या.

"तुमच्या वर्गाचं मला नवल वाटलं," त्या मला म्हणाल्या. "ज्या मुलांचे आकडे फार खाली असतात, त्यांना मी तिसऱ्या दिवशी एकेकटं बोलावते. शांतपणे बोलते. गरज असली तर पुढची मदत बघते. पहिल्या पानावर आपण त्यांना तेच तर सांगितलंय. पण तुमच्या तुकडीतून एकालाही बोलवावं लागलं नाही. असं मी अजून कुठे बघितलं नाही."

"संस्कार, मॅडम, संस्कार!" सर म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं. त्या माझ्याकडे रोखून बघतायत असं मला वाटलं, कदाचित बघतही नसतील. तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सर एवढे खुशीत होते आणि गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. मी फाटकापर्यंत गेले, हात हलवून त्यांना निरोप दिला आणि घरी आले.

घरी येऊन पिशवीत उरलेली एक कोरी प्रश्नावली काढली आणि पहिलं पान वाचलं. त्यात लिहिलं होतं की तुला फार वाईट वाटत असेल तर तसंच मोकळेपणाने लिही, आम्ही तुला एकट्याने भेटू, तुला न विचारता शाळेत कोणाला काही सांगणार नाही. आठवीच्या मुलाला समजावं अशा साध्या भाषेत होतं सगळं. मी ते तीनदा वाचलं. माझी मलाच इतकी लाज वाटली की स्वयंपाकघरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही मोजायचं राहिलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं.

"पहिलं पान वाचलं होतंस तू?"

"हो, बाई. तुम्ही उलटा म्हणालात ना, त्याच्या आधीच वाचून झालं होतं."

"मग खोडलंस कशाला?"

काय प्रश्न होता माझा! ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत." आणि मग, "पण मी हलकंच खोडलं होतं. खालचं दिसावं म्हणून. काल डबापण लवकर खाल्ला. मधल्या सुट्टीत बोलावतील असं वाटलं. नाही बोलावलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मला जास्त लागलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला सांग की."

"तुम्हाला?"

तो टोमणा असता तर मी सहन केला असता. ती खरोखर विचारत होती. मला सांगायचं म्हणजे कसं सांगायचं, हे तिला उमगत नव्हतं. मी तिला वर्गात पाठवलं आणि जिन्यात उभं राहून प्रश्नावलीवरच्या नंबरावर फोन लावला.

संशोधक बाईंना मी सगळं सांगितलं. आठच्या खाली उतरू नका म्हटलं होतं तेही, आणि खोडरबराचंही. मला वाटलं, आता त्या मला झापणार, आणि झापलं असतं तर बरंच वाटलं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ती आज शाळेत आहे ना? कशी दिसते?" मी सांगितलं. "उद्या सकाळी येते मी. तोवर तिच्यावर लक्ष असू दे. पण खोदून काही विचारू नका."

सरांना सांगणं भागच होतं. ते ऐकून खुर्चीत मागे टेकले.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुम्ही ती चव्हाट्यावर उघडायला निघालात?"

"मुठीत पोर आहे, सर," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. सरांनी प्रयोगशाळेची किल्ली पुढे सरकवली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायच्या निमित्ताने तिच्याबरोबर तिच्या गल्लीपर्यंत चालत गेले. वाटेत समीकरणांबद्दल बोललो, घटक चाचणीबद्दल बोललो. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "बाई, तुमचं घर इकडे नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "उद्या त्या मॅडम तुझ्यासाठी येणार आहेत."

ती दप्तर सावरून आत गेली. रात्रभर माझ्या जिवाला घोर लागून राहिला.

शुक्रवारी सकाळी ती आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. संशोधक बाईंनी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी माझा तास दुसऱ्या शिक्षिकेला दिला आणि बाहेर स्टूल टाकून बसले. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क मी सोमवारीच घालवला होता. पंधरा-वीस मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग रडणं ऐकू आलं. आधी दाबलेलं, ओढणीचा बोळा तोंडात धरल्यासारखं, आणि मग एकदम मोठ्याने, अगदी लहान पोरं रडतात तसं.

मी ताडकन उठले. शेजारी नववीचा वर्ग चालू होता, त्यांना ऐकू जात असणार. बावीस वर्षं वर्गात कोणी रडलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघत आलाय, 'गप्प'. तो ओठांवर आला होता, आणि माझा हात दाराच्या कडीवर पडला होता. तो माझाच हात आहे याची मला भीती वाटली. मी तो काढून घेतला.

पाण्याची कळशी घेऊन शिपाईमावशी येत होत्या. त्या थबकल्या.

"काय झालां, बाई? कोण रडतांय? आत जाऊन बघू काय?"

"नको, मावशी," मी म्हटलं. "रडू दे तिला. आणि इकडे कोणाला येऊ देऊ नका."