नाटकात नसलेली बाई

त्या बाईचा फोटो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात माझी पोलिसातली सगळी नोकरी झाली. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनात घर करून बसली ती एक साधी तक्रार.

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं रंगतात. गरिबांच्या दवाखान्याला डायलिसिसचं यंत्र घ्यायचं म्हणून एका मंडळाने मदतीचा प्रयोग ठरवला आणि गावातल्याच एका तरुणाकडून त्याची वेबसाइट करून घेतली. कलाकारांचे फोटो ओळीने लावले होते. त्यात एक बाई नाटकात नव्हतीच. तिच्या फोटोखाली ‘फोन करा’ आणि त्या तरुणाचा स्वतःचा नंबर.

मंडळाचे अध्यक्ष तणतणत ठाण्यात आले. “साहेब, देणगीवाले याच्याच नंबरवर फोन करून राह्यले. फसवून राह्यला हा पोट्टा.”

तरुणाला बोलावून मोबाईल टेबलावर ठेवायला लावला. पठ्ठ्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. लबाड माणूस सहसा फार बोलतो, म्हणून हा खरंच लबाड आहे का, अशी मला शंका आली. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. माझ्याआधी त्याने झडप घातली.

“आई?”

पलीकडे कोणीतरी तिकिटाची चौकशी करत होतं. फोन ठेवल्यावर त्याच्याकडे पाहवेना.

मग तो बोलला. काही वर्षांपूर्वी आई मिरची तोडायला मजुरांच्या टोळीसोबत तेलंगणात गेली, टोळी परत आली, ती आली नाही. बेपत्ता असल्याची नोंद केली, पत्रकं चिकटवली, उपयोग शून्य.

अध्यक्ष नरमले. “पण नाटकात काऊन लावला फोटो?”

“भाऊ, हरवलेल्या मानसाचा फोटो कोणी पाह्यत नाई. नाटकवाल्यायचे सारे पाह्यतात. मिरचीच्या वावरातई मोबाईलवर पाह्यतात.”

त्याचं गणित बरोबर निघालं. आम्ही सिरोंचा ठाण्यामार्फत नदीपलीकडच्या तेलंगणा पोलिसांना फोटो पाठवला. काही दिवसांनी तिथल्या हवालदाराचा फोन आला. बाई एका शेतकऱ्याकडे कामाला होती. मी तरुणाला बोलावून घेतलं, हवालदाराला फोन बाईकडे द्यायला सांगितलं आणि स्पीकर लावला. वेबसाइटवरचा आपला फोटो तिने पाहिला होता. मालकाच्या मुलीकडे मोबाईल मागून ती तो रोज पाही.

“मग फोन का नाही केला, बाई?” मी विचारलं.

“त्याचा बाप हाय ना घरी, साहेब. लय मारते.”

तरुण फोनवर वाकला. “आई, बाबा नाई आता. तू गेली, त्याच सालच्या पावसाळ्यात गेले.”

पलीकडे ती रडू लागली. नवऱ्यासाठी की वाया गेलेल्या वर्षांसाठी, मी विचारलं नाही.

माणूस कुठे गेला, एवढंच आम्ही पोलीस शोधत बसतो. तो कशाला भिऊन गेला आणि ते भय अजून घरात आहे का, हे मी त्यानंतर प्रत्येक नोंदीत आधी विचारू लागलो. त्या पोराने ‘फोन करा’ असं फोटोखाली लिहिलं होतं. ती येऊ शकते, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

रडू ओसरल्यावर ती म्हणाली, “मले घ्याले ये.”