पाहुणीला खाली नेऊन आणते

त्यांना सगळे चेनवाल्या काकू म्हणत. पॅन्टची चेन असो, बॅगेची असो की गादीच्या खोळीची, काकूंच्या हाताखालून गेली की ती पुन्हा म्हणून अडकायची नाही. शिवाय कपडे उसवून लहानमोठे करणं, कॉलर उलटून लावणं, कोटाचं अस्तर बदलणं अशी कामं असायचीच. गिऱ्हाईक जिने चढून तिसऱ्या मजल्यावर येई, दारातच पिशवी देई आणि दारातूनच परत घेऊन जाई. कामासाठी काकूंना उंबरा ओलांडायची वेळ येत नसे, आणि दुसरं काही निमित्त त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांचे यजमान एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसायचे. कोण कधी आला, कधी गेला, मधेच बाहेर चाललाय तर कशासाठी, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. गेटपासवर कारण लिहिलेलं नसेल तर त्यांनी कधी कोणाला सोडलं नाही. एकदा म्हणे खुद्द मॅनेजरच्या मेव्हण्याला फाटकात ताटकळत ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, गेट मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. दोरे, बटणं, भाजी, औषधं, सगळं स्वतः आणायचे आणि वर म्हणायचे, तू कशाला दगदग करतेस. मागे काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या असताना एका दुपारी त्यांच्या छातीत धडधडलं. डॉक्टरांनी पित्त म्हणून सांगितलं, पण भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, मी घरात असताना तू घरात असावंस. आणि ते तर दिवसभर घरातच असायचे.

काकू आधी हसल्या, मग भांडल्या, मग त्यांनी नाद सोडला. ‘जरा जाऊन येते’ म्हटलं की ‘कुठे?’, मग ‘कशाला?’, मग ‘ते मीच आणतो ना’, आणि लगेच पायात चपला घालून ते निघालेलेही असायचे. मशीनवर बसल्या बसल्या काकूंचा जीव गुदमरायचा. पण सांगणार कोणाला, आणि सांगणार तरी काय? नवरा भाजी आणतो ही काय तक्रार झाली? बहिणीला एकदा फोनवर सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, नशीबवान आहेस बाई.

अशात मुलीने कुत्री आणून सोडली. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि उरलेल्या वेळात सोडवलेल्या जनावरांची काळजी घेणाऱ्या मंडळींत. एका माणसाने पिल्लं विकण्याच्या धंद्यासाठी पत्र्याच्या शेडमध्ये कुत्र्या कोंडल्या होत्या, एकेक जाळीच्या पिंजऱ्यात. तिथून सुटलेल्यांतली ही सर्वांत वयस्कर. पिल्लं देऊन देऊन पोट लोंबलेलं, दात झिजलेले, पिंजऱ्याबाहेरचं जग कधी पाहिलेलं नाही. तिला कोणी घेईना, म्हणून मुलीने स्वतः घेतली. पुढे मुलीची बदली झाली, नवा घरमालक कुत्र्यांच्या नावानेच खवळायचा, तेव्हा कुत्री आईवडिलांच्या दारात आली.

यजमान तयार झाले ते घराला राखण होईल म्हणून. कुत्री आत आली आणि शेपूट पोटाशी घेऊन, बसू की उठू अशा चेहऱ्याने सोफ्याच्या कडेला टेकली. भुंकणं राहू दे, तिने मोठ्याने श्वासही घेतला नाही. यजमान बघत राहिले आणि म्हणाले, ‘ही कसली राखण करणार? ही तर पाहुणी आलीये.’ तेव्हापासून तिचं नाव पाहुणी.

दुसऱ्या दिवशी यजमान केस कापायला गेले होते. काकूंनी एका कोटाचं माप काढून जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद पसरले, त्यावर पाठीचा भाग आखला आणि कात्री शोधायला वळल्या. पाहुणी उठली, दबक्या पावलांनी आली आणि कोटाच्या बरोबर खांद्यावर बसून मोकळी झाली. मग अपराधी डोळ्यांनी काकूंकडे पाहू लागली. पिंजऱ्याच्या तळाला कागद असायचा. तिला जन्मभर कागदच ठाऊक, माती नव्हे.

काकूंना हसू आलं. कागद गुंडाळून टाकताना त्या मनात म्हणाल्या, बरं झालं, हिला बाहेर न्यायची कटकट नाही. आणि मग त्या गुंडाळीसकट तशाच उभ्या राहिल्या.

यजमान मान चोळत परत आले तेव्हा काकूंनी गंभीरपणे सांगितलं की कुत्रीला सकाळ-संध्याकाळ खाली न्यावं लागणार, नाहीतर घरभर घाण करेल. यजमान म्हणाले, मी नेतो. पण पाहुणी पुरुषाचा हात दिसला की सोफ्याखाली घुसून थरथरायची, त्या शेडवाल्याची कृपा. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि हात टेकले. अशा रीतीने काकूंना गेटपास मिळाला.

त्यानंतर रोजचा एक कार्यक्रम बसून गेला. यजमान अंघोळीला किंवा वामकुक्षीला गेले की काकू स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळत घालायच्या गॅलरीत कागद अंथरायच्या, पाहुणीचं उरकून घ्यायच्या, कागद पिशवीत कोंबायच्या. मग खुंटीवरचा पट्टा काढून म्हणायच्या, ‘पाहुणीला खाली नेऊन आणते.’ आत मोकळी होऊन बसलेली कुत्री बाहेर नेऊन परत आणायची, असा सगळा कारभार. जिना पाहिला की तिची पाचावर धारण बसायची, म्हणून काकू तिला कडेवर घेऊन तिन्ही मजले उतरायच्या. पिशवी कचऱ्याच्या डब्यात जायची आणि काकू रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेतल्या बाकावर.

तो बाक सिमेंटचा होता, बिनपाठीचा, कुठल्याही बाजूने बसता येईल असा. काकू इमारतीकडे तोंड करून बसायच्या, कारण पुढच्या गॅलरीत यजमान उभे असायचे. त्या दिसल्या की त्यांना बरं वाटे. पुरे झालं असं वाटलं की ते टॉवेल हलवायचे आणि काकू उठायच्या. पाठीमागे, वळणावर, बसेस वळायच्या. काकूंना त्यांचा आवाज नुसता ऐकू यायचा. पण वारा लागायचा. चार माणसं ओळखीचं हसायची. एवढ्यावर काकूंचा दिवस निघे.

पाहुणीचा मात्र निघत नसे. ती बाकाखाली काकूंच्या चपलांत नाक खुपसून पडून राहायची आणि अंगभर कापायची. काकूंना दिसत नव्हतं असं नाही. त्या वाकून तिच्या डोक्यावर हात फिरवायच्या, थोडं थांब गं म्हणायच्या, आणि बसून राहायच्या.

तिथे एक निवृत्त नर्स यायची, एका लंगड्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन. बाईला आडपडदा माहीत नव्हता. एकदा वाकून बाकाखाली बघत तिने विचारलं, ‘हिला इथे मुळीच आवडत नाही हो. मग आणता कशाला?’

काकूंनी सवय व्हायला हवी वगैरे काहीतरी उत्तर दिलं. पण घरी येऊन मशीनवर बसल्या तेव्हा सुई सरळ चालेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पाहुणीच्या गळ्यातला पट्टा एक भोक सैल केला. गुन्ह्याचं परिमार्जन म्हणून एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि त्या सैल भोकानेच घात केला. वळणावर एका बसचा टायर फुटला, मोठा आवाज झाला, पाहुणीने डोकं मागे ओढलं आणि काकूंच्या हातात रिकामा पट्टा राहिला. आवाजाकडे वळलेली मान त्यांनी परत फिरवेपर्यंत कुत्री गायब.

काकू उठल्या आणि धावल्या, थेट बसच्या वळणाकडे. दुसरीकडे बघावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सुटलेला जीव दुसरीकडे कुठे जाणार? वळण ओलांडून त्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या, मग बसस्टँडवर, मग पुलापर्यंत. दिसेल त्याला विचारत होत्या, लोंबत्या पोटाची, पांढरी, घाबरलेली अशी कोणी पाहिली का. पानवाल्याने डाव्या हाताला दाखवलं, रिक्षावाल्याने उजव्या. इतक्या लांब त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. नवी दुकानं उघडली होती, जुनं थिएटर पाडलं होतं. रडता रडता त्या हे सगळं बघत होत्या आणि आपण बघतोय याचा त्यांना राग येत होता.

दिवे लागले तेव्हा त्या परत फिरल्या. मुलीला काय सांगायचं, हे जिना चढताना मनात जुळवत होत्या. दार उघडंच होतं. यजमान, ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नसत, ते जमिनीवर बसले होते. त्यांच्यासमोर पाहुणी होती, आणि पाहुणीखाली त्या दिवसाचा, अजून वाचून न झालेला पेपर, भिजलेला.

ती एकटी तीन मजले चढून आली होती, त्याच जिन्यावरून, आणि दार खरवडत बसली होती. यजमानांनी वरून टॉवेल हलवून हलवून हात दुखवून घेतले, पण काकू मागे वळल्याच नाहीत. काकूंनी पाहुणीला पोटाशी घेतलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग यजमान उठले, चहा करून घेऊन आले. साखर जास्त झाली होती. समोर बसून त्यांनी भिजलेल्या पेपराकडे बोट दाखवलं.

‘अगं, ही तर कागदावर करते. पेपर खाली ठेवला नि लगेच येऊन बसली, आपणहून. म्हणजे खाली न्यायची गरजच नव्हती.’

काकू तो पेपर गुंडाळू लागल्या.

‘उगाच एवढे जिने चढलीस-उतरलीस. आता नको जाऊस. सुटलीस तू.’

हे त्यांनी मनापासून, मायेने म्हटलं. तेच तर वाईट होतं. कुजकटपणे म्हणाले असते तर काकूंना भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून यजमान स्वतः मागच्या गॅलरीत कागद अंथरू लागले आणि वेळच्या वेळी बदलूही लागले. पाहुणी बदलली. आता कोणी आपल्याला उचलून नेत नाही हे तिला कळलं असावं. ताट चाटूनपुसून साफ करू लागली, यजमानांच्या हाताचा वास घेऊ लागली, आणि एका सकाळी दोघांसमोर तिने चक्क शेपूट हलवलं. यजमानांनी लगोलग मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, ‘आई, जादू केलीस गं तू!’ काकू हो म्हणाल्या आणि कोणाच्या तरी पॅन्टच्या चेनमध्ये बोट अडकवून घेतलं.

त्यांना कुत्रीचा राग यायचा, हे खरं सांगायला हवं. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या त्या जिवाला चार भिंतींत इतकं सुख वाटावं, आणि त्या सुखाने आपलं दार बंद व्हावं! संध्याकाळ झाली की त्यांचे पाय आपोआप खुंटीकडे वळायचे. पट्टा तिथेच लटकत असे. नवीन कारण शोधून शोधून त्या थकल्या. दोरा म्हटला तर दोरा ते आणणार, फिरायला म्हटलं तर डॉक्टरांनी कुठे सांगितलंय? आणि खोटं बोलायचं तर पुन्हा कोणाला तरी बाकाखाली थरथरत ठेवावं लागणार. ते त्यांना नको होतं.

मग एका संध्याकाळी त्या उठल्या, मशीनवर कापड तसंच सोडून. पट्टा खुंटीवरून काढला. पाहुणी झटक्यात मशीनखाली गेली. काकू क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, मग पट्टा त्यांनी पुन्हा खुंटीला अडकवला आणि पायात चपला सरकवल्या.

यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘कुठे?’

‘खाली.’

‘पाहुणीला न्यायचं नाही आता.’

‘तिला नाही नेत. मीच चाललेय.’

‘कशाला?’

काकूंनी खरोखर विचार केला. कारण सापडलं असतं तर त्यांनी सवयीने सांगूनही टाकलं असतं.

‘कारण नाही,’ त्या म्हणाल्या.

कारण नाही म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे यजमानांना एवढ्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, एक हात छातीकडे गेला, आणि तो हात बघून काकूंचे पाय दारातच खिळले. इथेच आपण परत वळणार, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मशीनखालून पाहुणी बाहेर आली, यजमानांच्या पायाशी गेली आणि तिथेच अंग टाकून बसली.

‘ती आहे तुमच्याजवळ,’ काकू म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

कडेवर वजन नव्हतं, तरी त्या कठडा धरून हळूहळू उतरल्या. छातीत धडधडत होतं, या वेळी त्यांच्या. बाकावर नर्स होती. तिने काकूंच्या रिकाम्या हातांकडे पाहून विचारलं, आज तुमची कुत्री कुठे? काकूंनी सांगितलं, घरी, तिला घरीच आवडतं.

वर गॅलरीत यजमान येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कडेवर पाहुणी होती, कोणाही पुरुषाच्या हातात पहिल्यांदाच, आणि दोघं मिळून खाली काकूंना शोधत होते. खांद्यावर टॉवेल होता. काकूंना ते सगळं नीट दिसलं. परत जायचंच होतं, आणि ‘कुठे’, ‘कशाला’ हे उद्याही असणारच, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्या बाकाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि पाठमोऱ्या बसल्या, बसच्या वळणाकडे तोंड करून.