आता वास येत नाही

गल्लीत त्याला सगळे औषधवाला म्हणत. डासांचा फवारा, झुरळांचं जेल, उंदरांचं विष, वाळवीचं औषध, हाच त्याचा धंदा. घरी आला की कपडे दारातच उतरवून वेगळ्या बादलीत टाकायचा. उरलेलं औषध कुणी सरबताच्या बाटलीत ओतलेलं दिसलं, की त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. नुसता रुमाल बांधून फवारणाऱ्याला म्हणायचा, "अरे, रुमाल नाक पुसायला असतो." असा कडक माणूस, पण लसणाला घाबरायचा; घरात आणू देत नसे. बायको बिचारी माहेरी जाऊन लसूण खाऊन यायची.

याला कारण एक धान्याचं गोदाम. तिथे कीड मारायला थप्प्यांमध्ये गोळ्या ठेवून वरून ताडपत्री घालत. दमट हवा लागली की गोळीतून विषारी वायू सुटतो आणि लसणासारखा वास येतो. त्याचा जोडीदार आत विसरलेली बॅटरी आणायला निघाला. याने हात धरला, म्हणाला, "थांब, वायू मोजायचं मीटर येऊ दे."

"अरे, आता वास येत नाही," जोडीदार हसला. हाही हसला आणि हात सोडला. वास गेला तरी वायू राहतो, हे दोघांनाही पाठ होतं. बॅटरी बाहेर आलीच नाही. तेव्हापासून ते शब्द याच्या घरी राहायला आले. जेवताना, दाढी करताना कानाशी बोलायचे.

मग मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी आली. एका दुपारी हा ताडकन उठला. "लसूण कुणी आणला?"

"झालं, पुन्हा सुरू," बायको म्हणाली. "अहो, दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती वर्षं फुंकायचं?"

"आई, मलाही येतोय," मुलगी म्हणाली. "सकाळपासून मळमळतंय."

त्याने बाळाला उचललं आणि दारं ठोठावत सगळ्यांना रस्त्यावर आणलं. तिथे शेजारणीने सांगितलं, की खालचा भाडेकरू ढेकणांना कंटाळला होता. त्याने कुठून तरी धान्याच्या त्याच गोळ्या आणून गादीखाली ठेवल्या आणि दार लावून गेला. धन्य त्याची! ढेकूण मरोत न मरोत, वर माणसं राहतात हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. औषधवाल्याने अग्निशमन दलाला फोन लावला.

बाळ भुकेने रडून लाल झालं. दुधाची बाटली वरच राहिली होती. मुलगी जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

"बाबा, आता वास येत नाही. पटकन बाटली आणते."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवा बसला आणि त्याने तिचं मनगट पकडलं.

"पोर रडतेय हो," बाळाला घेऊन उभी असलेली बायको कळवळली.

"रडू दे. रडतेय म्हणजे जिवंत आहे."

बंबवाले आले. तोंडाला यंत्र लावून, मीटर घेऊन वर गेले. खाली येऊन त्यांच्या साहेबांनी विचारलं, "पाळणा कुणाच्या घरात आहे? वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त वायू त्याच खोलीत आहे."

बायकोने बाळ मुलीच्या कुशीत दिलं. मुलीने मोकळ्या हाताने त्याला छातीशी घट्ट धरलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, आता तरी सोडा हात. दुखतोय."

"दुखू दे," तो म्हणाला. "त्याचा सोडला होता."