लालबागचा खिळा

मी विलायतेला निघालो त्या सकाळी आमच्या लालबागच्या खोलीत भांडण लागलं, आणि ते एका खिळ्यावरून लागलं.

गावकीची खोली म्हणजे काय, ते नव्या मंडळींना सांगतो. आमच्या गावचे सगळे गडी त्या एका खोलीत. सगळे मिलमध्ये, कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या. झोपायची जमीन सगळ्यांची मिळून. स्वतःचं म्हणाल तर भिंतीवरचा एक खिळा. गावाहून नवा गडी आला की वडीलधारा त्याच्या हातात हातोडा द्यायचा आणि तो आपला खिळा आपण ठोकायचा. मग गावी जा, आजारी पडा, तुरुंगात जा, खिळा तुमचाच. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. कायमचं सोडून जायचं असेल तर आपल्या हाताने तो उपटायचा. हा कायदा. त्याला वकील लागत नाही.

भिकूअण्णा खोलीतले सगळ्यात मोठे. ते हातोडा घेऊन दारात उभे.

"मुंबय अजून आपली झाली नाय, आणि तू मुंबय सोडून चल्लंस? जा बाबू. पण खिळो काढून जा."

हे मला लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मी अण्णांच्या खांद्याला खांदा लावून चाललेला माणूस. ओरडून ओरडून घसा बसायचा, पाठीवर लाठीचे वळ असायचे. पण मिल आज चालू, उद्या बंद. गावी आई आणि बहिणी. आमच्या गावचा एक खलाशी विलायतेत कापडगिरणीला चिकटला होता, त्याने बोलावलं. माग काय, इथला आणि तिथला सारखाच खडखडतो.

"मुंबई मिळाली की येतो," मी म्हटलं. "खिळा राहू दे." डोक्यावरची टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि बोडका गोदीवर गेलो. अण्णा पोचवायला येणार नव्हते. बोट हलली तेव्हा दिसले, गर्दीच्या पार मागे. हातोडा हातातच.

विलायतेत डोराबाई नावाच्या बाईच्या घरी जागा मिळाली. पोचल्या पोचल्या मी काय केलं? पायातला बूट काढला आणि पिशवीतून आणलेला खिळा भिंतीत ठोकला. फुलाफुलांचा कागद डकवलेली भिंत! आवाज ऐकून बाई धावत आल्या आणि खूप बोलल्या. शब्द एक कळला नाही, राग कळला. मला वाटलं, इथे दुसऱ्या कुणाचा खिळा असणार, आपण त्याच्या जागेत घुसलो. म्हणून मी तो उपटला आणि हातभर बाजूला ठोकला. मग बाईंनी खाटेवर बसकणच मारली.

माझ्या खोलीतला गुरदयाल हसून लोळायचा बाकी. "ओए, वो कहती है दीवार उसकी है!"

"दीवार उसकी, ठीक," मी म्हटलं, "पण मेरा खिळा किधर?"

खिळा मी काढला नाही. पुढे हिवाळ्यात एकदा भिजून आलो, तर डोराबाईंनी स्वतःच माझा कोट घेतला आणि त्यावर टांगला. "युअर नेल, मिस्टर बाबू," म्हणाल्या. त्या दिवशी मला विलायत थोडी कळली.

मग एकदा अण्णांचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "मुंबय गावली. खिळो आसा. तू खंय आसंस?" एवढंच.

मी डोराबाईंच्या किचनमध्ये शिरा केला आणि मिलमध्ये वाटला. गुरदयाल म्हणाला, "बंबई तो पहले भी थी, अब क्या मिला?" मी म्हटलं, "पहले थी. अब हमारी है." म्हटलं खरं, आणि बॉबिन बदलायला गेलो. आपली झालेली मुंबई तिकडे, आणि मी इकडे.

मी शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. उशीर केला. लग्न झालं, बायको आली, पोरं झाली, पोरं इंग्रजीत भांडायला लागली. मग एकदा सगळ्यांना घेऊन लालबागला गेलो.

खोली तीच. भिकूअण्णा वाकलेले. आणि भिंतीवर माझा खिळा, खिळ्यावर टोपी, धुवून पांढरी केलेली. खाली पांडुरंग नावाचा गडी झोपायचा, दोन मुलांचा बाप. त्याचे कपडे खिडकीच्या गजाला बांधलेले.

"ह्याका खिळो नाय?" मी विचारलं.

"भिंतीक जागा खंय हा?" अण्णा म्हणाले. "एक आसा, तो तुझो."

चहा झाला. मी हट्टी माणूस, अर्धा कप तसाच धरून बसलो. मग हातोडा मागितला. ज्या अण्णांनी एकदा खिळा काढ म्हणून वाट अडवली होती, तेच आता म्हणाले, "रवांदे रे. घाई कसली? कोण मागता तुझ्याकडे?"

मी टोपी खिशात घातली आणि खिळा उपटला. पांडुरंगाने त्याच भोकात आपला ठोकला. अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्याच्यावर खेकसले, "वाकडो ठोकलंस, मेल्या!" खिळा सरळ होता. मी बघितला ना.

लालबागचा तो खिळा आता माझ्या इथल्या घरात आहे, दाराच्या आत, डाव्या हाताला. त्यावर तीच टोपी. नात विचारते, "आजोबा, प्रॉपर हुक का नाही लावत? मी ड्रिल करून देते." चांगली पोर आहे, मराठी बोलते, 'ळ' म्हणताना जीभ अडखळते. तिला म्हटलं, हुक तुझ्या खोलीत लाव, भिंत तुझीही आहे, ठोक काय ठोकायचं ते. पण ह्याला हात लावायचा नाही. ज्याचा त्याने काढायचा, हा लालबागचा कायदा, आणि या घरात तोच चालतो. मी काही काढणार नाही.